आधी सिम ठरवा, मग फोन: विदर्भातील रानवाटांसाठी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुक्काम नागपूर, पावसाळ्यात पचमढीची नागद्वारी यात्रा आणि चिखलदरा, हिवाळ्यात नागझिरा आणि पेंचच्या बफर क्षेत्रातील गावे, कधी सालेकशाजवळचे कचारगड अशी भटकंती, हाताशी जिओचे एकच सिम, फोन जुना झाला आहे आणि नव्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. तेव्हा कोणता फोन घ्यावा आणि कंपनी बदलावी का? विदर्भात मोबाइल नेटवर्कची मोजणी करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि सुटीच्या दिवशी पदभ्रमणाचे गटही घेऊन जातो, त्या आधारावर हे उत्तर देत आहे. आपण फोन आधी विचारला आणि कंपनी नंतर. मी क्रम उलटा धरतो. आपल्या कंपनीचा टॉवर ज्या खोऱ्यात पोहोचत नाही तिथे महागातल्या महाग फोनवरूनही घरी बोलता येत नाही, आणि जिथे पोहोचतो तिथे तो कोणत्या बँडवर पोहोचतो हे ठाऊक असल्याशिवाय योग्य फोन निवडता येत नाही.

‘सर्वांत चांगले नेटवर्क कोणाचे’ या प्रश्नाचे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मिळणारे उत्तर पेंचच्या वाटेवरील देवलापारच्या पुढे लागू पडत नाही. शहरात टॉवर दाट असल्यामुळे तिथे प्रश्न वेगाचा आणि गर्दीचा असतो. रानात ते विरळ असल्यामुळे प्रश्न पोहोच किती याचा असतो. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात, टेकडीच्या कडेवरून थोड्या वळून पलीकडे उतरतात आणि झाडोऱ्यात तुलनेने कमी क्षीण होतात. म्हणून ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ हे रानाच्या उपयोगाचे बँड. २३००, २५०० आणि ३३०० च्या पुढचे बँड वेग भरपूर देतात, पण मध्ये एक टेकाड आले की त्यांचा कारभार आटोपतो. जिओचे ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर चालते, म्हणजे फोनच्या भाषेत बँड ५, ३ आणि ४०. एअरटेल आणि व्हीआय (व्होडाफोन आयडिया) यांच्याकडे ९००, १८०० आणि २१०० म्हणजे बँड ८, ३ आणि १ आहेत. वेगासाठी वरचे बँड वेगळे. बीएसएनएलचे नवे ४जी ७०० आणि २१०० वर, म्हणजे बँड २८ आणि १ वर उभे राहिले आहे. कोणाकडे कोणत्या परिमंडळात (दूरसंचार सेवेसाठी आखलेल्या विभागात) किती स्पेक्ट्रम आहे यात फरक पडतो, तरी हे क्रमांक लिहून ठेवा. फोन घेताना ते लागतील.

आवाजी कॉलची गोष्ट वेगळी आहे. जिओ २०१६ मध्ये सुरू झाली तीच ४जी घेऊन. तिच्याकडे २जी किंवा ३जी नाही, त्यामुळे तिचा कॉल ४जी किंवा ५जीच्या जाळ्यातूनच जातो; ४जीवरून जाणाऱ्या कॉलला व्होल्टी म्हणतात. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचे २जी अजून चालू आहे, आणि आडबाजूच्या गावात ४जी हातातून निसटल्यावरही २जीच्या एका काडीवर चार वाक्ये बोलता येतात. अशा जागी इंटरनेटची अपेक्षा करू नये, पण आपल्याला तिथून निरोपच द्यायचा असतो, चित्रफीत पाठवायची नसते. जिओच्या बाजूने सांगायचे तर तिचा ८५० चा बँड पोहोचीला चांगला आहे आणि तिने २०२२ च्या लिलावात ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्झही सर्व परिमंडळांत घेतला. म्हणून ‘रानात ५जी बंद ठेवा, बॅटरी वाचते’ हा नेहमीचा सल्ला जिओच्या सिमला डोळे झाकून लावू नये. एअरटेलचे ५जी मुख्यतः ३५०० च्या आसपास आणि ४जीच्या आधाराने चालते, तिथे मात्र फोन ४जीवर ठेवणे फायद्याचे ठरते.

आता आपल्या वाटांवर कोणाची रेंज आहे हे कसे शोधायचे? ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते अवश्य पाहा, पण सुरुवात म्हणूनच पाहा. असे नकाशे मुख्यतः गणिताने काढलेले असतात आणि नकाशातील रंग म्हणजे नाल्याच्या तळाशी, सागाच्या दाट रानात, खिशातल्या फोनला मिळणारी रेंज नव्हे. त्यापेक्षा भरवशाची माहिती वनरक्षक, गावातील किराणा दुकानदार आणि रिसॉर्टचा जिप्सीचालक यांच्याकडे असते. ‘इथे रेंज आहे का’ असे न विचारता ‘तुम्ही स्वतः कोणते सिम वापरता, आणि वीज गेल्यावर ते किती वेळ चालते’ असे विचारा.

दुसरी पद्धत स्वतः मोजण्याची. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती पाहिली की सिग्नलची तीव्रता उणे डीबीएम या एककात दिसते; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. काड्यांवर विश्वास ठेवू नका, कारण किती तीव्रतेला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. ४जीवर उणे ९० च्या आसपासचा आकडा चांगला, उणे ११० कमकुवत, आणि उणे १२० ला कॉल लागला तरी टिकेलच असे नाही. दर १० डीबीला शक्ती दहापटीने बदलते, हे लक्षात घेतले की टेकाडावर उणे १०५ दाखवणारा फोन पन्नास पावले खाली, ओढ्याच्या काठी, उणे १२० वर का जातो आणि तिथे हात उंच करून काही का साधत नाही, हे कळते. चिखलदऱ्याला हे फार स्पष्ट दिसते. पठाराची परतवाड्याच्या मैदानाकडे उघडी असलेली कड आणि आतल्या दऱ्या यांत चालण्याचे अंतर थोडे असते. पण कडेवर मैदानातले टॉवर थेट नजरेत येतात आणि दरीत एकही येत नाही. ऋतूचाही भाग आहे. सागाची पाने एप्रिलमध्ये गळालेली असतात, ऑगस्टमध्ये ती भरगच्च आणि ओली असतात, आणि ओली पाने लहरी शोषतात. त्यामुळे उन्हाळ्यात ज्या पाणवठ्याजवळ कॉल लागला होता तिथे पावसाळ्यात तो लागेल असे धरून चालू नये.

आपल्या यादीत पचमढी आहे, म्हणून परिमंडळाची सीमाही ध्यानात घ्या. नागपूर महाराष्ट्र परिमंडळात येते. पेंचच्या वाटेने मनसर, देवलापार ओलांडून खवासा आले की आपण मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून असलेल्या परिमंडळात शिरतो. देशांतर्गत रोमिंगचा वेगळा खर्च आता नेहमीच्या प्लॅनमध्ये पडत नाही, मात्र टॉवरांची जाळी बदलते आणि पेंचच्या महाराष्ट्राकडील सिल्लारी फाटकाशी उत्तम चालणारे सिम मध्य प्रदेशाकडील तुरिया फाटकाशी तसेच चालेल याची हमी नसते. नागद्वारीत अडचण आणखी वेगळी असते. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून इतके लोक एकाच वेळी त्या डोंगरात उतरतात की काड्या पूर्ण दिसत असूनही कॉल लागत नाही, कारण टॉवरची क्षमता संपलेली असते. अशा वेळी पुन्हा पुन्हा कॉल लावत बसण्यापेक्षा साधा एसएमएस पाठवावा; व्हॉट्सॲपचा निरोप डेटाच्या रांगेत अडकतो, एसएमएस बहुधा वाट काढतो.

बीएसएनएलविषयी लोकांची मते जुन्या अनुभवावर बेतलेली असतात, ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे. दुर्गम गावांना ४जी देण्याच्या २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला केंद्राने जुलै २०२२ मध्ये मान्यता दिली. तिचे काम बीएसएनएलकडे आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशी बनावटीच्या ४जी जाळ्याचे औपचारिक उद्घाटन झाले. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अनेक आतल्या गावांना पहिला टॉवर मिळाला तो याच कंपनीचा. शहरात तिचे सिम मुख्य म्हणून वापरा असे मी म्हणणार नाही, पण दुसरे सिम म्हणून तिचा विचार अवश्य व्हावा. डिजिटल भारत निधी या सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरांवर जानेवारी २०२५ पासून परस्पर रोमिंगची सोयही सुरू झाली आहे, म्हणजे अशा टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल यांपैकी एकाचा ग्राहक दुसऱ्याच्या जाळ्यावर चालू शकतो. ही सोय फक्त त्या टॉवरांपुरती आहे. तिचा लाभ मिळण्यासाठी फोनमध्ये नेटवर्कची निवड स्वयंचलित आणि डेटा रोमिंग चालू ठेवावे. पुष्कळांनी परदेशी बिलाच्या भीतीने ते कधीकाळी बंद केलेले असते आणि मग विसरलेले असते.

तेव्हा कंपनी बदलू नका. जिओ ठेवा आणि दुसरे सिम घ्या. ते एअरटेलचे की बीएसएनएलचे हे आपण ज्या दिशेला जास्त जाता त्या दिशेवरून ठरवा. एक खबरदारी घ्यावी. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना बसवलेले असणे ही आता नित्याची गोष्ट आहे. वादळात वीज गेली आणि तिथली बॅटरी उतरली, की त्या सगळ्या कंपन्या एकदमच गप्प होतात. दोन सिम म्हणजे दोन वेगळे टॉवर असतीलच असे नाही, म्हणून मुक्कामाच्या गावात मनोरे किती आणि ते कोठे आहेत हे एकदा नजरेने पाहून घ्यावे. खर्चाची काळजी फारशी नको. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीमुळे कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएसचे, डेटाविना असलेले प्लॅनही द्यावे लागतात. दुसऱ्या सिमला तेवढे पुरे.

हे दुसरे सिम ई-सिम (फोनमध्येच बसवलेले, वेगळे कार्ड नसलेले) घ्यावे की प्लास्टिकचे? रानात जाणाऱ्याने निदान एक सिम प्लास्टिकचे ठेवावे, यावर मी ठाम आहे. फोन पाण्यात पडला किंवा बंद पडला तर सोबत्याच्या फोनमध्ये आपले सिम टाकून बोलता येते. ई-सिम दुसऱ्या फोनवर नेण्यासाठी मुळात इंटरनेट आणि पडताळणी लागते, जे त्या क्षणी आपल्याजवळ नसते. ट्रे उघडण्याची पिन पाकिटात ठेवा. तिच्यावाचून अडलेले लोक काटेरी बाभळीच्या काट्याने ट्रे उघडताना मी पाहिले आहेत, आणि एकाने तो काटा शेजारच्या मायक्रोफोनच्या छिद्रात घातला होता.

आता फोन. पहिली चाळणी बँडची: ४जीचे १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१, तसेच ५जीचे एन२८ आणि एन७८. यांत बहुधा २८ गळतो, विशेषतः स्वस्त आणि काही वर्षे जुन्या मॉडेलांत, आणि बीएसएनएलची खरी पोहोच त्याच बँडवर आहे. ही यादी दुकानदाराला विचारून भागत नाही. फोन कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर नेमक्या त्या मॉडेलच्या तपशिलात पाहावी, कारण एकाच नावाच्या फोनचे निरनिराळ्या देशांतील बँड वेगळे असतात. बीएसएनएल घेणार असाल तर त्या फोनवर तिचे व्होल्टी चालते का, हेही विचारून घ्या.

दुसरी चाळणी दिशा आणि स्थान यांची. जीपीएसला सिम लागत नाही, इंटरनेट लागत नाही. उपग्रहाकडून फोन फक्त ऐकतो. इंटरनेट असल्यास उपग्रहांची माहिती चटकन मिळते आणि स्थान काही सेकंदांत कळते, नसल्यास मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ थांबावे लागते, इतकाच फरक. म्हणून फाटकाशी किंवा गावात रेंज असतानाच नकाशा एकदा उघडून स्थान पकडून घ्यावे. दाट रानात आणि कड्यांच्या मध्ये लहरी आदळून परत येतात आणि ठिपका भलतीकडे सरकतो. एल१ आणि एल५ अशा दोन वारंवारता वापरणारा फोन तिथे बराच सरस ठरतो. आपल्या बजेटमध्ये असे फोन मिळतात, तपशिलात ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ असा उल्लेख शोधा. होकायंत्रासाठीचा संवेदक फोनमध्ये आहे ना, याची खात्री करा. अगदी स्वस्त फोनांत तो नसतो आणि मग नकाशावर आपण कुठे आहोत हे दिसते, तोंड कुणीकडे आहे ते कळत नाही. चुंबकाच्या झडपेचे कव्हर घालत असाल तर ते वाटेवर काढून ठेवा, त्याने होकायंत्र हमखास चुकते.

तिसरी गोष्ट बॅटरी आणि ऊन, आणि नागपूरकराला हे निराळे सांगायला नको. आजचे ५,००० एमएएचच्या पुढचे बहुतेक फोन दिवसभराला पुरतात; बॅटरी खरी खाते ती रेंजची शोधाशोध. टॉवर दूर गेला की फोन पूर्ण ताकदीने हाक देत राहतो, आणि दोन सिम असतील तर दोन्हींसाठी. जिथे रेंज नाही हे ठाऊक आहे तिथे फ्लाइट मोड लावा. जवळजवळ सर्व फोनांत जीपीएस त्या मोडमध्येही चालते. नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लिथियम बॅटरीचे चार्जिंग साधारण त्याच तापमानाच्या आत व्हावे असे अपेक्षित असते. गाडीच्या डॅशबोर्डवर, काचेमागच्या उन्हात, नकाशा चालू ठेवून चार्जिंगला लावलेला फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद होतो. तो एसीच्या झरोक्यासमोर लावावा. पॉवर बँक १०,००० एमएएचची घेतली तरी व्होल्टेज बदलताना होणाऱ्या नासाडीमुळे फोनपर्यंत साधारण साठ-पासष्ट टक्केच पोहोचते. नागझिऱ्याच्या आत मुक्काम असेल तर विजेवर विसंबून जाऊच नका.

पाण्याबाबत आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे मानांकन) असेल तर उत्तम, आयपी६७ चालेल. हे मानांकन नव्या फोनच्या स्वच्छ पाण्यातील चाचणीचे असते, पाणी शिरल्यास वॉरंटी सहसा मिळत नाही, आणि फोन एकदा उघडून दुरुस्त केला की त्या सीलचा भरवसा धरू नये. शिवाय पावसाच्या थेंबांनी स्क्रीन बोटाला दाद देत नाही, हे आयपी६८ लाही टळत नाही. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी जवळ असू द्या. स्क्रीन भर उन्हात वाचता यावी यासाठी हजार निट्सच्या वरची उजळता पाहावी. ‘रग्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जाडजूड फोनांची आपल्याला गरज नाही. त्यांच्यावरील लष्करी मानकाचा शिक्का बहुधा कंपनीने स्वतः केलेल्या चाचण्यांवर असतो, वजन जास्त असते, आणि सॉफ्टवेअरची अद्ययावतता लवकर थांबते. चांगल्या फोनला कडा उंच असलेले रबरी कव्हर घाला. धातूचे कव्हर नको, ते अँटेना झाकते.

रेंज अजिबात नसेल तेव्हाची तयारी घरूनच करावी लागते. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीच्या रस्त्यापुरता ठीक. पायवाटांसाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड या ॲपमध्ये विदर्भ आणि मध्य प्रदेश उतरवून घ्या आणि निघाल्या जागेपासून आपला माग नोंदवत राहा, म्हणजे परतीची वाट तरी हातात राहते. पावसाळ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे दामिनी ॲप ठेवा. वीज पडण्याचा इशारा ते देते, पण त्याला इंटरनेट लागते, त्यामुळे तो इशारा मुक्काम सोडण्यापूर्वी पाहायचा. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. स्क्रीनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसत असेल तर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि ११२ लावून पाहता येतो. पॉवर बटन ओळीने दाबून मदत मागण्याची सोय आपल्या फोनमध्ये कशी लागते ते सेटिंग्जमध्ये बघून ठेवा. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

दोन कायदेशीर बाबी. थुराया, इरिडियम यांसारखे उपग्रह फोन, तसेच उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी गार्मिनची इनरीच ही उपकरणे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातील नातेवाइकाने प्रेमाने पाठवली तरी ती घेऊन गडचिरोलीच्या रानात जाऊ नका. आयफोन १४ पासून जी उपग्रहाद्वारे मदत मागण्याची सोय जाहिरातीत दिसते ती भारतात उपलब्ध नाही, तेव्हा तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनात मोबाइल वापरायला सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने मनाई आहे, म्हणून सफारीच्या वेळेत आपण फोनवर मिळणार नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

खरेदीची घाई करू नका. दुसरे सिम आत्ताच घेऊन जुन्याच फोनमध्ये टाका आणि येत्या दोन-तीन सहलींत दोन्ही सिमची तीव्रता ठिकठिकाणी टिपून ठेवा. मात्र जुन्या फोनमध्ये बँड २८ नसेल तर बीएसएनएलचा निकाल त्याच्यावरून लावू नका, सोबत्याच्या नव्या फोनमध्ये सिम घालून पाहा. मग सीताबर्डीच्या दुकानात जा. फोन दाराबाहेर उन्हात नेऊन स्क्रीन वाचा, होकायंत्र उघडून गोल फिरून पाहा, ट्रेमध्ये दोन सिमना स्वतंत्र जागा आहे की मेमरी कार्डसाठी एक सोडावी लागते ते तपासा. आयात केलेला किंवा जुना फोन कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्या आणि इंग्रजीत केवायएम लिहून, पुढे तो क्रमांक घालून १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात फोन काळ्या यादीत किंवा बनावट आढळला, अथवा मॉडेलचे नाव हातातील फोनशी जुळले नाही, तर तो घेऊ नका.